बिनब्रेकची गाडी आणि अबोला

दोन माणसांनी अबोला धरला की सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते तिसऱ्याला. आणि मग घरातले किस्सेही त्या तिसऱ्याकडेच साचत जातात. आमच्या भवानीपूरच्या घरात ती तिसरी मी. एकीकडे माझे सासरे, दुसरीकडे माझा धाकटा दीर, आणि मध्ये मी, म्हणजे पोस्ट ऑफिस. त्या पोस्टाला रविवारची सुट्टीसुद्धा नाही. उलट रविवारीच टपाल जास्त!

परवा कुणीतरी म्हणालं, काकू, मधूकाकांचे ते मोटारसायकलचे किस्से सांगा ना. म्हटलं, बसा. चहा टाकते. पण मध्ये मध्ये विचारू नका, नाहीतर माझी गाडी भलतीकडे जाते.

मी साताऱ्याची. लग्न होऊन कलकत्त्याला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. आमचे हे गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत. सासूबाई मी यायच्या कितीतरी आधी गेलेल्या. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. ते बंगाली शाळेत गणित शिकवायचे, आणि कलकत्त्यात मराठी भटजी मिळण्याची मारामार म्हणून आपल्या लोकांच्या घरी सत्यनारायण, गणपती हेही तेच सांगायचे. गणितात आणि पूजेत इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपायचं नाही. आणि मधूभावजी म्हणजे शेंडेफळ. आई गेली तेव्हा एवढेसे होते. त्यांची वेणीफणी सोडली तर सगळं मामंजींनी केलं, असं हे म्हणायचे. वेणी नव्हती म्हणून ती राहिली!

हे एवढं लक्षात ठेवा. आता ऐका.

•

शहराच्या दक्षिणेला एका मोकळ्या मैदानावर त्या वर्षी स्पीडवे सुरू झाला होता. म्हणजे कोळशाची राख दाबून केलेला लांबट गोल रस्ता, त्यावर एका वेळी चार मोटारसायकली, चार फेऱ्या, जो पहिला तो जिंकला. वळणावर गाडी सरळ जातच नाही, आडवी घसरत जाते, आणि मागे राखेचा फवारा उडतो. हिवाळ्यात दर रविवारी दुपारी शर्यती. भावजी तेव्हा कॉलेजात, सायन्सला. कॉलेज कसलं, हारानदांच्या गॅरेजमध्येच मुक्काम! हारानदा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारी दुरुस्त करणारे मिस्त्री. तिथे तीन मोडक्या गाड्यांमधून भावजींनी आपली एक गाडी उभी केली आणि एका रविवारी ठेल्यावर घालून घरी आणली.

मामंजी खाली अंगणात आले. रागावले नाहीत हो. घरातलं घड्याळ स्वतः उघडून दुरुस्त करणारा माणूस, यंत्र बघून खूशच झाले. चष्मा सरसावून वाकले, साखळीला बोट लावून बघितलं, इंजिन कुठलं ते विचारलं. गियर किती म्हणाले. भावजी म्हणाले, एकच. "छान. साधं असलेलं बरं," म्हणाले. मी वर गॅलरीतून बघत होते. मला वाटलं, मिटलं सगळं.

मग मामंजींनी विचारलं, "ब्रेक कुठे आहेत?"

"नसतात, अण्णा."

"बसवायचे राहिलेत?"

"नाही, नसतातच. एकाने मध्येच ब्रेक मारला तर मागचा येऊन त्याच्यावर आदळेल. म्हणून कुणाच्याच गाडीला ठेवत नाहीत."

मामंजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. म्हणाले, "थांबता येत नाही अशा वाहनावर माझा मुलगा बसणार नाही. बसला तर त्याने माझ्याशी बोलू नये."

पुढच्या रविवारी भावजी गाडीवर बसले. आणि संध्याकाळी घरी आल्यापासून मामंजींशी बोलेनासे झाले. वडिलांची आज्ञा त्यांनी अर्धी मोडली आणि अर्धी तंतोतंत पाळली. खाण तशी माती, दुसरं काय!

•

मामंजींना राग आला होता असं सगळे म्हणायचे. मी रोज दोघांना वाढणारी, मला विचारा. राग नव्हता तो, भीती होती. बायको गेली, आता हा पोरगा. पण मास्तर माणूस, भीती वाटते म्हणायची लाज. आणि भावजींचं सांगायचं तर ट्रॅकवर शेकडो माणसं टाळ्या वाजवायची, आणि हा गडी घरी येऊन एकाच माणसाच्या तोंडाकडे बघत जेवायचा. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही दया यायची.

तर टपाल सुरू झालं. जेवायला समोरासमोर बसायचे, मध्ये दोन हात अंतर. मामंजी म्हणायचे, "सूनबाई, त्याला सांग, आमटी सांडतेय." मी म्हणायचे, भावजी, आमटी सांडतेय. भावजी म्हणायचे, "सांग, बघितली." मी सांगायचे, मामंजी, बघितली. तोवर आमटी पाटापर्यंत! आमचे हे अशा वेळी पेपर वाचायचे. जेवताना पेपर वाचायची सवय त्यांना तेव्हा लागली ती कायमची.

एकदा माझा घसा बसला. साधासुधा नाही, डॉक्टरांनी ताकीद दिली, आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. झालं, पोस्ट बंद!

पहिल्या दिवशी सकाळी नळाचं पाणी जायची वेळ झाली तरी भावजी अंथरुणात. मामंजी पूजेला बसलेले. माझ्याकडे बघितलं, मी गळ्याला हात लावून दाखवला. मग ते देवाकडे वळले आणि खड्या आवाजात म्हणाले, "देवा, नळ आता जाईल. ज्यांची अंघोळ व्हायची आहे त्यांना बुद्धी दे."

भावजी ताडकन उठून मोरीत. अंघोळ करून बाहेर आले, गॅलरीत गेले. तिथे कठड्यावर रोजचा कावळा बसलेला. त्याला म्हणाले, "कावळोबा, झाली बरं का अंघोळ. काळजी नको."

मग काय, आठवडाभर असंच. इकडून देव, तिकडून कावळा. धोब्याचे कपडे, भावजींची कॉलेजची फी, ह्यांच्या ऑफिसातली बढती, सगळं त्यांच्यामार्फत. आठवड्याने माझा आवाज फुटला तशी मी हौसेने विचारलं, मामंजी, भावजींना काही सांगायचंय का?

"तू विश्रांती घे," म्हणाले. "आमचं चाललंय."

•

भावजींना बिनब्रेकची इतकी सवय झाली की ब्रेक असलेली गाडी त्यांना कळेना. एका सकाळी मला बाजारात जायचं होतं. हारानदांकडे कुणाची तरी साधी मोटारसायकल दुरुस्त होऊन पडली होती, ती जरा फिरवून बघायची म्हणून भावजी निघालेले. म्हणाले, चल वहिनी, सोडतो. मी पदर खोचला, पिशवी घेतली आणि बसले मागे. नवऱ्याने कधी सायकलवर बसवलं नाही, दिराने मोटारसायकलवर बसवलं!

गाडी झकास चालली. बाजार आला. मी म्हटलं, भावजी, इथे. भावजींनी हँडल वळवलं आणि बाजाराला वळसा घालून पुढे. म्हटलं, अहो, राहिला बाजार मागे. "आता थांबवतो," म्हणाले, आणि पुन्हा एक वळसा. त्या माणसाला वेग कमी करायचा म्हणजे वळायचं एवढंच ठाऊक! पायाखाली ब्रेक होता, पण पाय तिकडे जाईल तर शपथ. भाजीवाले उठून उभे राहिले. तिसऱ्या खेपेला एका वांगीवालीने मला हात जोडून नमस्कार केला. शेवटी पेट्रोल बंद करून, घसटत घसटत, गाडी आमच्याच दारात येऊन थांबली.

मी रिकामी पिशवी घेऊन वर गेले. मामंजींनी विचारलं, "सूनबाई, भाजी नाही मिळाली?"

म्हटलं, "दिसली मामंजी. तीनदा दिसली."

•

हा किस्सा सांगताना मला अजून गलबलून येतं, म्हणून हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

त्या शर्यतीच्या गाडीला साधं तेल चालत नाही. इंजिनात एरंडेल घालावं लागतं. हो, तेच, आपण लहानपणी नाक दाबून प्यायलेलं! त्याचा एक भला मोठा डबा भावजींनी आणून माझ्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपामागे ठेवला. एके दिवशी मामंजी माझ्यासाठी पिंपातले तांदूळ काढायला वाकले आणि डबा दिसला. झाकण उघडून वास घेतला.

"सूनबाई, हे एवढं एरंडेल कोण घेतं?"

घरात मामंजींसमोर गाडीचं नाव काढायचं नाही असा नियम होता. मी म्हटलं, भावजींचं आहे. झालं! मामंजींचा चेहराच उतरला. डब्याकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत. "एवढा त्रास होतो त्याला?" म्हणाले. "आणि बोलला नाही." मग स्वतःशीच, "कसा बोलणार."

मी मूग गिळून गप्प. खरं सांगावं तर गाडीचं नाव काढावं लागतं, न सांगावं तर हे असं. इकडे आड तिकडे विहीर.

त्या दिवसापासून मामंजींचा हुकूम सुटला. मधूला मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. मिरची बंद, तळण बंद, माझा साताऱ्याचा ठेचा तर त्याच्या नजरेलासुद्धा पडता कामा नये. रोज संध्याकाळी शाळेतून येताना ते स्वतः पिकलेली पपई आणायचे. आणि जेवताना भावजी पहिला घास घेईपर्यंत मामंजींचा हात ताटावर थांबलेला असायचा.

भावजी म्हणजे तिखटाशिवाय घास न उतरणारा माणूस. पण मुकाट्याने मऊ भात जेवत होते. मला राहवेना. मी त्यांना गॅलरीत गाठून सगळा घोटाळा सांगितला, म्हटलं, आज मी मामंजींना खरं सांगून टाकते, मग व्हायचं ते होवो.

"सांगू नकोस, वहिनी," ते म्हणाले. "अबोला धरल्यापासून अण्णांनी पहिल्यांदाच माझ्यासाठी काही आणलंय."

पुढे काही दिवसांनी मामंजींनी टपाल धाडलं, त्याला विचार, आता बरं वाटतंय का. भावजींनी पपईची फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "सांग, अजून थोडं आहे."

•

शर्यत बघायला मी पहिल्यांदा गेले ती ह्यांच्यामागे भुणभुण लावून. पुढच्या बाकावर बसू नका असं सगळे सांगत होते, मी ठकी मुद्दाम पुढे बसले. पहिलं वळण आमच्यासमोरच. गाड्या आल्या तशी अंगावर राख, डोळ्यांत राख, तोंड उघडं राहिलं होतं म्हणून दातांतही राख! भीतीने माझं स्तोत्र सुरू झालं. लहानपणी संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणायचो ते.

शेजारी एक अँग्लो-इंडियन बाई बसल्या होत्या, मिसेस रॉबिन्स. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात विणकाम, पण टाका एक पडत नव्हता. त्यांचा मुलगा डेनिस. भावजींचा पक्का दोस्त आणि ट्रॅकवर पक्का वैरी. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतेयस? माझ्या मोडक्या इंग्रजीत मी सांगितलं, प्रार्थना आहे, रक्षण होतं. कुणाचं, म्हणाल्या. मी भावजींकडे बोट दाखवलं. त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "माझ्या डेनिसला पण घे ना त्यात."

आता आईच्या जिवाला नाही कसं म्हणायचं? घेतलं. मधू आणि डेनिस, मधू आणि डेनिस, असं दोघांचं नाव घालून मी स्तोत्र म्हणू लागले. त्यांनीही त्यांची प्रार्थना सुरू केली आणि त्यात भावजींना घेतलं.

शेवटच्या फेरीत दोघांची चाकं बरोबर एका रेषेत आली. पंच लोकांचं बराच वेळ खलबत झालं. शेवटी जाहीर केलं, डेड हीट, दोघेही पहिले!

मिसेस रॉबिन्स आणि मी गळ्यात गळे घालून रडत होतो. भावजी हेल्मेट काढत आमच्याकडे आले, त्यांना कुठूनतरी सगळं कळलेलं. म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी स्तोत्र घरी म्हण."

घरी गेले तर दारातच मामंजी. माझ्या काळ्या तोंडाकडे बघत राहिले. आत जाऊन स्वतःचा पंचा आणून दिला. मी तोंड पुसत होते, तेव्हा हळूच म्हणाले, "कुणी पडलं नाही ना?"

म्हटलं, नाही मामंजी, कुणीसुद्धा पडलं नाही.

"असं," म्हणाले, आणि दिवसभर न घेतलेला चहा मागितला.

•

पण पडायचे ते एकदा पडलेच. पुढच्या हिवाळ्यात, वळणावर गाडी घसरली आणि मागच्याचं चाक खांद्यावरून गेलं. गळ्याजवळचं हाड मोडलं आणि डोक्याला मार. रात्रभर शुद्ध नव्हती. मामंजी त्या रात्री देवापुढे बसले ते उठलेच नाहीत, आणि देवाला मोठ्याने काही सांगितलंही नाही.

सकाळी भावजी शुद्धीवर आल्याचं कळलं. संध्याकाळी भेटीच्या वेळी मी इस्पितळात बसले होते, तर दारातून मामंजी आले. कोट, टोपी, हातात संत्र्यांची पुडी. म्हटलं, आता बोलणार. ते सरळ चालत आले, भावजींच्या खाटेपाशी आले, आणि शेजारच्या खाटेकडे वळले.

त्या खाटेवर बागचीबाबू म्हणून एक गृहस्थ होते, पोटाचं ऑपरेशन झालेले. मामंजींची त्यांची जन्मात ओळख नाही. मामंजी स्टूल ओढून भावजींकडे पाठ करून बसले आणि बंगालीत विचारू लागले, कसं आहे, झोप लागली का, डोकं दुखतं का. बागचीबाबू म्हणाले, माझं पोट दुखतं. "डोकं सांभाळायला हवं," मामंजी म्हणाले. मग घरी काय चाललंय, गॅलरीतला कावळा कसा रोज येऊन जातो, सगळं मोठ्याने सांगितलं आणि संत्री ठेवून गेले.

बागचीबाबू कसले हुशार! मामंजी गेल्यावर संत्र्यांची पुडी उचलली आणि हात लांब करून भावजींच्या खाटेवर ठेवली. म्हणाले, तुझ्या बाबांनी माझी तब्येत फार मनापासून विचारली हो.

हे रोज चालायचं. मग बागचीबाबूंना घरी सोडायचा दिवस ठरला. मामंजींची जी काही घालमेल झाली म्हणता! त्यांनी बागचीबाबूंना एकीकडे घेऊन विचारलं, आणखी थोडे दिवस राहता येणार नाही का? टाके नीट सुकलेत ना? बागचीबाबू म्हणाले, डॉक्टर ऐकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर भलताच माणूस, घोरत पडलेला. मी दाराकडे बघत बसले, मामंजी आता येतील की नाही. तर मामंजींच्या आधी कोण आलं म्हणता? बागचीबाबू! इस्त्रीचं धोतर, वर पंजाबी म्हणजे बंगाली झब्बा, एक हात पोटावर. हळूहळू चालत आले आणि त्या घोरणाऱ्या माणसाच्या उशाशी स्टुलावर बसले. म्हणाले, "घरी करमेना. आणि मास्तरमशाय कुणाला भेटायला येणार?"

•

इस्पितळातून यायच्या आदल्या दिवशी भावजी माझ्याशी बोलले. एरवी सदा थट्टा करणारा माणूस, पण त्या दिवशी हसले नाहीत.

"वहिनी, पडताना मला मरायची भीती नाही वाटली. अण्णांशी बोलायचं राहिलं, याची वाटली. हंगामातली शेवटची शर्यत राहिलीय, तोवर माझा खांदा भरून येईल. अण्णांना सांग, त्यांनी माझ्याशी एकदा बोलावं. 'सोड' म्हणाले तरी चालेल, त्याच पावली सोडीन. पण त्यांच्या तोंडून ऐकायचंय. तुझ्या नाही."

एवढं जड टपाल मी कधी नेलं नव्हतं. मामंजी अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी शब्दन् शब्द सांगितला. ते पाणी घालतच राहिले, कुंडी भरून वाहायला लागली तरी.

"सोड म्हणायला तोंड उघडायला हवं," म्हणाले. "आणि तोंड उघडलं की मी रडेन, सूनबाई. ते त्याला बघवायचं नाही. आणि धाव असं मला कसं म्हणता येईल? तूच सांग."

भावजींना जाऊन म्हटलं, उत्तर आलेलं नाही. महिना-दीड महिना गेला. खांदा भरून आला. उत्तर आलं नाही ते नाहीच.

•

शेवटच्या शर्यतीचा रविवार. भावजी आणि हे गाडी घेऊन सकाळीच मैदानावर गेलेले. मामंजींनी अंघोळ केली, पूजा केली. मग कोट-टोपी घालून, छत्री घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "चल सूनबाई," म्हणाले. "जागा दाखव."

ट्राम धरली. मैदानावर पोचलो तर प्रेक्षक कुणीच नव्हते, ऊन नुकतं वर आलेलं. एक माळी ट्रॅकवर पाणी मारत होता. पलीकडच्या टोकाला भावजी, हे, डेनिस आणि हारानदा गाडीभोवती वाकलेले. भावजींचा शर्यतीचा चामड्याचा पोशाख, गुडघ्यापर्यंत बूट. त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

मामंजी ट्रॅकच्या कडेला उभे राहून नुसते बघत होते. ह्या जागेबद्दल इतके दिवस मनात काय काय आणलं असेल त्यांनी! मग मला विचारलं, "कुठल्या बाजूने फिरतात?"

मी हाताने दाखवलं. इथून निघतात, तिकडे डावीकडे वळतात, आणि मैदान डाव्या हाताला ठेवून फिरत येतात.

मामंजींचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे उलट्या प्रदक्षिणा?"

म्हटलं, सगळीकडे असंच असतं म्हणे, मामंजी.

"सुलट कधीच नाही?"

"नाही."

"हा पोरगा इतके दिवस उलटा फिरतोय," म्हणाले, "आणि मला कुणी सांगितलं नाही."

त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. टोपी सारखी केली. पायातले पंपशू काढून बाजूला नीट जोडून ठेवले. हात जोडले, आणि मैदान उजव्या हाताला ठेवून अनवाणी चालायला लागले. ती राख कशी असते, मला विचारा. काचेसारखी टोचते. माळी धावत आला, बाबू, बाबू, ओली आहे, म्हणायला लागला. मी त्याला हातानेच थांबवलं.

मामंजी पहिलं वळण चालून गेले. पलीकडे गाडीपाशी हारानदांनी मान वर केली, मग ह्यांनी, मग भावजींनी. डेनिसने काहीतरी विचारलं. भावजींनी हातातला पाना खाली ठेवला आणि ट्रॅकवर येऊन उभे राहिले. मामंजी त्यांच्या अंगावरूनच गेले. बघितलं नाही, थांबले नाहीत, ओठ तेवढे हलत होते. ते दहा पावलं पुढे गेले तसे भावजी त्यांच्यामागून चालू लागले.

असे दोघे पुढच्या वळणाने माझ्याकडे येत होते. पुढे धोतर वर खोचलेला म्हातारा, मागे चामड्यातला तरणाताठा मुलगा. बुटांखाली राख करकर वाजत होती. माझ्यापासून चार हातांवर मामंजी थांबले. मागे वळले नाहीत. माझ्याकडेही बघितलं नाही. मला वाटलं, टपाल आता माझ्याकडेच येणार, म्हणून मी एक पाऊल पुढे झाले.

"मधू," मामंजी म्हणाले, "बूट काढ."

भावजी तिथेच ओल्या राखेत खाली बसले आणि बुटाचे पट्टे सोडायला लागले. पट्टे काही सुटेनात. मामंजी पुढे गेले नाहीत. पाठमोरे, हात जोडून, दोन्ही बूट निघेपर्यंत उभे राहिले.